जाहिरातीची कार्यशाळा : पाहुण्याच्या हातात माइक नको, लाल पेन द्या

कॉलेजात जाहिरात क्षेत्रातला पाहुणा आला की काय होतं, हे माध्यम विभागात शिकवणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, दोन पानी परिचय आणि मग पाहुण्यांनी केलेल्या जाहिरातींचे व्हिडिओ. मुलं टाळ्या वाजवतात. शेवटी कुणीतरी ‘सर, या क्षेत्रात यायचं तर काय करावं?’ असं विचारतं. ‘भरपूर वाचा, भरपूर बघा’ असं उत्तर येतं. आभारप्रदर्शन होतं आणि वार्षिक अहवालात ‘एकदिवसीय कार्यशाळा’ अशी नोंद पडते.

याला व्याख्यान म्हणावं. व्याख्यान वाईट नसतं, पण त्यासाठी पाहुण्याला मुंबई-पुण्याहून बोलावून आणायची गरज नाही. त्या जाहिराती यूट्यूबवर आहेतच.

मी कॉपीरायटर आहे, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिते, आणि अधूनमधून कॉलेजांत शिकवायला जाते. माझं म्हणणं एवढंच, की धंद्यातल्या माणसाकडे एक गोष्ट असते, जी पुस्तकात नसते. मुलानं लिहिलेली ओळ बघून ती क्लायंटपुढे का टिकणार नाही, हे तो अर्ध्या मिनिटात सांगू शकतो. कार्यशाळेची सगळी मांडणी ते अर्धं मिनिट पुन्हा पुन्हा यावं यासाठी करायची. खाली दिलेला आराखडा दोन दिवसांचा आहे, साधारण तीस मुलांच्या वर्गासाठी. मुलं बीएएमएमसीची (मल्टिमीडिया आणि जनसंवादाच्या पदवीची) असोत, पत्रकारितेची असोत किंवा उपयोजित कलेची, त्यात फारसा फरक पडत नाही.

पाहुणा कोण

पहिली ओढ असते ती मोठ्या नावाची. मोठं नाव आलं की सभागृह भरतं, वर्तमानपत्रात फोटो येतो. पण नॅशनल क्रिएटिव्ह डिरेक्टरच्या पदावरचा माणूस स्वतः रोज ओळी लिहीत नाही, तो इतरांच्या ओळी मंजूर करतो. शिवाय दोन अख्खे दिवस तो देणार नाही. पाच-सात वर्षं काम केलेला, अजून रोज रात्री क्लायंटचे फेरफार निस्तरणारा कॉपीरायटर किंवा आर्ट डिरेक्टर जास्त कामाचा. त्याला नवशिक्याच्या चुका आठवतात, कारण त्या कालपरवापर्यंत त्याच्याच होत्या.

एजन्सीत वेगवेगळी खाती असतात, हेही लक्षात घ्या. क्लायंट सर्व्हिसिंगवाला ब्रीफ घेतो, म्हणजे जाहिरात देणाऱ्याला नेमकं काय हवंय ते समजून आणतो, आणि शिव्या खातो. प्लॅनिंगवाला ग्राहकाचं डोकं वाचतो. कॉपी (शब्द) आणि आर्ट (चित्र, मांडणी) मिळून जाहिरात करतात. मीडियावाला ती कुठे, किती वेळा आणि किती पैशांत लावायची ते ठरवतो. या सगळ्यांना एकाच कार्यशाळेत बोलवायचा मोह टाळा. एक कॉपीवाला आणि एक आर्टवाला अशी जोडी मिळाली तर सोनं. विल्यम बर्नबाख यांनी १९४९मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या आपल्या एजन्सीत कॉपीरायटर आणि आर्ट डिरेक्टर यांना एकत्र बसवायला सुरुवात केली आणि पुढे जगभर तीच पद्धत रुळली. मुलांनी ती पद्धत डोळ्यांनी बघितली पाहिजे.

जिल्ह्याच्या गावी कॉलेज असेल आणि मुंबईहून कुणी येणार नसेल तर हिरमुसायचं कारण नाही. तुमच्या गावातल्या दैनिकाच्या जाहिरात विभागात वीस वर्षं काढलेला माणूस असतो. सराफ, साडीवाले, क्लासवाले आणि बिल्डर जाहिरात का देतात आणि का थांबवतात, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्याला बोलवा. त्याच्या जोडीला एखादा कॉपीरायटर दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर घेता येईल.

महिना निवडताना धंद्याचं कॅलेंडर बघा. गणपतीच्या आधीपासून दिवाळीपर्यंत एजन्सीत श्वास घ्यायला फुरसत नसते. मार्चमध्ये आर्थिक वर्ष संपायची धावपळ असते. जुलै बरा, किंवा दिवाळीनंतर परीक्षा आटोपल्यावरचा काळ. मानधनाचा आकडा पहिल्याच मेलमध्ये लिहा, कमी असला तरी. ‘मुलांसाठी थोडा वेळ द्या’ असं म्हणून फुकट बोलावलेला माणूस फुकटाइतकीच तयारी करून येतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

एकदा येऊन जाण्यापेक्षा लांबचं नातं हवं असेल तर यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२२मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’साठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पदवीच्या अटी बाजूला ठेवून, किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाला शिकवायला घेता येतं. प्राचार्यांच्या टेबलावर तो कागद ठेवून बघा.

तीन आठवडे आधी : खरा क्लायंट शोधा

वर्गात नेहमीचा स्वाध्याय असतो : ‘एका शीतपेयाची जाहिरात करा’. मुलं गूगलवरून चित्रं काढतात, ‘फील द फ्रेश’ छाप ओळ लिहितात, आणि ती चूक की बरोबर हे सांगायला कुणीच नसतं. खरा क्लायंट असला की समोर खरा माणूस बसतो, ज्याचे खरे पैसे अडकलेले असतात.

मोठी कंपनी नको. महिला बचत गट, गावातली खानावळ, सार्वजनिक वाचनालय, रोपवाटिका, सायकल दुरुस्तीचं दुकान, यांपैकी काहीही चालेल. अट एकच : मालक किंवा मालकीण दोन्ही दिवस थोडा वेळ प्रत्यक्ष येऊन बसेल. आपला नातेवाईक, संस्थाचालकांचं दुकान किंवा स्वतः कॉलेजच क्लायंट म्हणून घेऊ नका. मग कुणी खरं बोलत नाही.

उदाहरण म्हणून समजा, तालुक्यातला एक बचत गट नाचणीची बिस्किटं करतो. त्यांना विचारलं, काय हवंय? उत्तर येणार : ‘आमची चांगली जाहिरात करा, सगळ्यांपर्यंत पोचली पाहिजे.’ याला ब्रीफ म्हणत नाहीत. पाहुणा येण्याआधीच दोन-तीन मुलांना शिक्षकांबरोबर तिथे पाठवा आणि एक पानाचा ब्रीफ तयार करून आणायला लावा. त्यात एवढं हवं :

- सध्या कोण विकत घेतं आणि कुठून? (दुकान, आठवडी बाजार, प्रदर्शन, व्हॉट्सअ‍ॅप)
- कुणी घ्यावं असं वाटतं आणि ते का घेत नाहीत?
- ते त्याऐवजी काय खातात?
- जाहिरात बघून माणसानं नेमकं काय करावं?
- आपण सांगतो ते खरं आहे याला आधार काय?
- पैसे किती आहेत?

दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि त्याचं उत्तर सगळ्यांत कमी वेळा मिळतं. मालकीण म्हणेल, ‘लोकांना आरोग्याचं महत्त्व कळत नाही.’ ते खरं कारण नसतं. खरं कारण दुकानदार सांगतो : पोरं रंग बघून तोंड फिरवतात, आणि मोठ्यांना वाटतं हे शुगरवाल्यांचं बिस्किट आहे. हे वाक्य ब्रीफमध्ये आलं की अर्धी जाहिरात झाली. ते मुलांच्या कानांनी ऐकून आलं पाहिजे, म्हणून शिक्षकांनी आधी फोनवर विचारून ठेवू नये.

ब्रीफ पाहुण्याला आठवडाभर आधी पाठवा. तो त्यावर शंका काढेल. त्या शंका मुलांना दाखवा.

आठवडाभर आधी : डोळे उघडायला

मुलांना रोज पाच जाहिराती गोळा करायला सांगा, पण टीव्ही-यूट्यूबवरच्या नकोत. एसटी स्टँडवरची, रिक्षाच्या पाठीवरची, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती, भिंतीवर रंगवलेली सिमेंटची, वाढदिवसाचे फ्लेक्ससुद्धा. प्रत्येकीखाली एक ओळ लिहायची : ही कुणाशी बोलते?

याबरोबर तीन-चार जुनी उदाहरणं वर्गात काढावीत, फक्त त्यांचं कौतुक करण्यापुरती नव्हे. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६पासून होर्डिंगवर आहे. सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांची एजन्सी आणि युस्टेस फर्नांडिस यांनी काढलेलं चित्र. विषय सतत बदलतो, साचा तोच राहतो. मुलांना विचारा, गेल्या आठवड्यातल्या तुमच्या गावातल्या कोणत्या बातमीवर असं होर्डिंग करता येईल? दहा मिनिटांत कळतं की शब्दांची कोटी सोपी असते, पण कोटी आणि लोणी यांची सांगड घालणं अवघड असतं.

विको टर्मरिकचं उदाहरण तर घरचंच. पेंढरकरांची विको १९५२मध्ये मुंबईत सुरू झाली. ‘नहीं कॉस्मेटिक’ हे शब्द जिंगलमध्ये नुसते यमकासाठी बसलेले नाहीत. हे सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावरून कंपनीचा अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनी कोर्टात जे म्हणत होती तेच थिएटरमध्ये गाऊन सांगत होती. जाहिरातीतल्या एका शब्दावर कंपनीचा कर अवलंबून असू शकतो, हे मुलांना यातून जितकं कळतं तितकं पोझिशनिंगच्या, म्हणजे ग्राहकाच्या मनात मालाची जागा ठरवण्याच्या, व्याख्येतून कळत नाही.

आणि मराठी वर्गात कमल शेडगे यांना वगळून पुढे जाऊ नये. वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात म्हणजे जेमतेम जागा, छायाचित्र असेल-नसेल, हाताशी फक्त नाटकाचं नाव. त्या नावाच्या अक्षरांतच शेडगे नाटकाचा स्वभाव उतरवायचे. नाटक हलकंफुलकं आहे की काळजाला हात घालणारं, हे अक्षर बघून प्रेक्षकाला कळे. आपल्याकडे जाहिरातीतल्या अक्षरांची एवढी श्रीमंत परंपरा असताना मुलं गावच्या फ्लेक्सवर पिवळ्या अक्षरांना लाल सावली देतात, याचं मला वाईट वाटतं. जे. जे. उपयोजित कला संस्था, र. कृ. जोशी यांचं काम, अच्युत पालव यांचं सुलेखन, यांवर आर्टवाल्या पाहुण्याला अर्धा तास जरूर द्या. जोशींनी एजन्सीतली नोकरी केली आणि आपण कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं बघितलेला ‘मंगल’ फॉन्टही त्यांचाच, हे ऐकून मुलं चकित होतात.

पहिला दिवस

सकाळी दहाला सुरुवात. स्वागत पाच मिनिटांत. पाहुण्याचा परिचय छापून भिंतीवर लावा, वाचून दाखवू नका. शोरील, म्हणजे त्याच्या जाहिरातींचे व्हिडिओ, शेवटच्या संध्याकाळी. तोपर्यंत मुलांनी स्वतः हात भाजून घेतलेले असतात, त्यामुळे त्या जाहिराती त्यांना वेगळ्याच दिसतात.

पहिला तास क्लायंटचा. बचत गटाच्या ताई समोर बसतात, पुडे फोडतात, सगळे बिस्किटं खातात. मुलं प्रश्न विचारतात. पाहुणा गप्प बसतो आणि फक्त टिपणं घेतो. हे त्याला आधी बजावून ठेवा, नाहीतर तोच प्रश्न विचारायला लागतो आणि मुलं त्याच्याकडे बघत बसतात.

मग दोन तास बाजार. चार-चार जणांचे गट. किराणा दुकान, बेकरी, शाळेचं फाटक, सकाळचा फेरफटका मारून कट्ट्यावर बसलेली ज्येष्ठ मंडळी. प्रश्नावली नको. ‘तुम्हाला नाचणी बिस्किटं आवडतील का?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘काल संध्याकाळी चहाबरोबर काय खाल्लंत?’ असं विचारा. गटानं परत येताना लोकांच्या तोंडची तीन वाक्यं जशीच्या तशी लिहून आणायची, आपल्या भाषेत सुधारून नव्हे.

जेवणानंतर लिहायला बसायचं. कागद, स्केचपेन, दोघांची जोडी. लॅपटॉप बंद. प्रत्येक जोडीनं दीड तासात चाळीस ओळी लिहायच्या. चाळीस का? कारण पहिल्या पंधरा ओळी सगळ्यांच्या सारख्या येतात. ‘आरोग्याची गुरुकिल्ली’, ‘चवही, पोषणही’, ‘निसर्गाचं वरदान’. त्या बाहेर पडल्याशिवाय आतलं काही वर येत नाही. काही मुलं विसाव्या ओळीला रडकुंडीला येतात. येऊ द्या.

ओळी भिंतीवर चिकटवा. आता पाहुण्याच्या हातात लाल पेन द्या. कार्यशाळा इथे सुरू होते.

लाल पेनाचा तास

या भागाला अडीच-तीन तास हवेत आणि त्यातला एकही मिनिट कापू नये. पाहुण्यानं ओळ मोठ्यानं वाचायची आणि काट मारताना कारण सांगायचं. ‘आवडली नाही’ हे कारण चालणार नाही. ओळ कशी घडते ते एका उदाहरणावर बघू.

एका जोडीची पहिली ओळ : ‘आरोग्याची गुरुकिल्ली – नाचणी बिस्किटं!’ काट. कारण : ‘नाचणी बिस्किटं’ काढून तिथे खजूर, मध, योगासनं किंवा वॉटर प्युरिफायर घाला, ओळ तशीच उभी राहते. जी ओळ कुणाच्याही अंगाला बसते ती कुणाचीच नसते.

दुसरी : ‘आजीच्या हातची चव, आता पुड्यात!’ हिच्यावर वर्ग खूश होतो. तरी काट, दोन कारणांनी. एक, कुठल्याच आजीनं नाचणीचं बिस्किट केलं नव्हतं. तिनं भाकरी थापली, आंबील केली. दोन, खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबाबत २०१८चे एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) नियम आहेत. ग्राहकाची दिशाभूल होईल अशा रीतीनं ‘घरगुती’ म्हणता येत नाही, ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘ताजं’ या शब्दांनाही अटी आहेत. मालाला ‘मधुमेहावर गुणकारी’ म्हणणं तर सोडूनच द्या.

मग पाहुणा विचारतो, बाजारातून काय आणलंत? मुलगी वही उघडते. बेकरीवाला म्हणाला होता : ‘काळी दिसतात म्हणून पोरं हात लावत नाहीत, पण एकदा खाल्लं की पुडा संपवतात.’ पाहुणा म्हणतो, तुझी जाहिरात हीच आहे, लहान कर.

ती लिहिते : ‘दिसायला काळं असलं तरी चवीला एकदम मस्त!’ जवळ आलं, पण ‘एकदम मस्त’ हे आपण म्हणतोय, बेकरीवाला म्हणाला नव्हता. त्यानं पुडा संपल्याचं सांगितलं. जे घडलं तेवढंच लिही.

‘काळं आहे, पण उरत नाही.’

छान. आता जोडीदार मुलगा म्हणतो, काळं नको, सावळं म्हणूया. पंढरपूरच्या वाटेवर हा रंग कुणाला नको असतो? ‘सावळं आहे, पण उरत नाही.’ वर्गात कुजबुज होते, ओळ लागली. पाहुणा लाल पेन उचलतो आणि ‘पण’ वर काट मारतो. का? ‘पण’ ठेवलं की सावळं असणं हा दोष ठरतो आणि आपण त्याची माफी मागतो. पूर्णविराम दिला की दोन्ही गोष्टी अभिमानानं उभ्या राहतात.

‘सावळं आहे. उरत नाही.’

चार शब्द. पहिल्या ओळीपासून इथवर यायला पंचवीस मिनिटं गेली आणि तीस मुलांनी ती सगळी बघितली. कॉपीरायटिंगचा अख्खा पेपर शिकवून हे साधत नाही. म्हणून शिक्षकांना माझा आग्रह आहे : मुलांना वाईट वाटेल म्हणून पाहुण्याला सौम्य व्हायला सांगू नका. काट ओळीवर बसते, मुलावर नाही, एवढं पाहुण्यानं सुरुवातीलाच सांगितलं की पुरे.

चॅटजीपीटीचं काय, हा प्रश्न येणारच. पहिल्या दिवशी बंदी. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर त्याच्याकडून नाचणी बिस्किटांच्या वीस ओळी मागवा आणि भिंतीवर चिकटवा. आदल्या दिवशी लाल काट बसलेल्या ओळींशी त्या ताडून बघा. वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. पुढे मांडणीचे पर्याय किंवा चित्राचा कच्चा आराखडा यासाठी मुलं ते वापरतात तर वापरू द्या. बाजारात जाऊन बेकरीवाल्याचं वाक्य ऐकण्याचं काम तेवढं त्याला जमत नाही.

दुसरा दिवस : कल्पना माध्यमात बसवणं

प्रत्येक जोडीनं आपली एकच ओळ घेऊन तीन कामं करायची : वर्तमानपत्राची जाहिरात, दहा सेकंदांचा रेडिओ स्पॉट आणि मोबाइलवरचा पंधरा सेकंदांचा उभा व्हिडिओ. एकच कल्पना तिन्हीकडे टिकते का, याची ही परीक्षा.

वर्तमानपत्रात जागा चौरस सेंटिमीटरवर विकली जाते. आठ सेंटिमीटर रुंद आणि दहा उंच म्हणजे ८० चौरस सेंटिमीटर. गावातल्या दैनिकाचा दर विचारून मुलांना गुणाकार करायला लावा. आकडा बघितला की बॉडी कॉपीतले (मथळ्याखालच्या मजकुरातले) निम्मे शब्द ती स्वतःच उडवतात. एजन्सीला माध्यमांकडून मिळणारं पंधरा टक्के कमिशन ही जुनी रीतही इथेच सांगून टाकावी.

मांडणी करताना देवनागरीची एक अडचण इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. आपल्या ओळीला वर वेलांटी-मात्रा असतात, खाली उकार. इंग्रजीच्या मापानं दोन ओळींतलं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर चढतो. अंतर वाढवा. दुसरं, फाइल छापखान्यात जाताना जोडाक्षरं फुटतात, विशेषतः डीटीपीवाल्याकडे जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट असेल तर. छापायला देण्याआधी अक्षरांच्या आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून) पीडीएफ काढा आणि ती छापून, मोठ्यानं वाचून तपासा. स्क्रीनवर ‘र्‍ह’ नीट दिसला म्हणून छापील कागदावर दिसेलच असं नाही.

रेडिओसाठी घड्याळ लावून वाचायचं. दहा सेकंदांत मराठीचे अठरा-वीस शब्द नीट बसतात, आणि त्यात ब्रँडचं नाव आणि कुठे मिळेल हेही आलं. मुलं चाळीस शब्द लिहितात आणि धापा टाकत वाचतात. नाचणीच्या जोडीचा स्पॉट असा होऊ शकतो :

‘बिस्किटं कुठायत?’
‘संपली.’
‘सकाळी तर आणली!’
‘सावळी होती ना... अंधारात दिसली नाहीत.’
निवेदक : नाचणीची बिस्किटं. सावळं आहे. उरत नाही.

नाव आणि दुकान घातलं की वेळ भरलीच. रेडिओवर दिसत काहीच नाही, आणि विनोद तर रंगावर आहे. तरी तो चालतो, कारण ऐकणारा रंग मनात भरतो.

व्हिडिओसाठी उलटा नियम. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन सेकंदांत चित्रानंच गोष्ट सांगायला हवी. कॅमेरा बिस्किटाच्या प्लेटवर, एकेक हात येतो, प्लेट रिकामी. झालं. फेविकॉलची ती माणसांनी लगडलेली बस आठवा, तिच्यात कुणी एक अक्षर बोलत नाही.

होर्डिंगचा स्वाध्याय मी मुद्दाम देत नाही, पण मुलं मागतात. दिलात तर परवानगीचा विषय काढा. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. मुंबईत ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना ते १२० बाय १२० फुटांचं होतं. जाहिरात करणाऱ्यानं ‘किती मोठं दिसेल’ एवढंच विचारून चालत नाही.

कायद्याला अर्धा तास पुरतो, पण तो सादरीकरणाआधी द्या, नंतर नको. जाहिरात क्षेत्रानं स्वतःच स्थापन केलेली एएससीआय (ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया) ही संस्था १९८५पासून आहे आणि तिच्याकडे कुणीही तक्रार करू शकतं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं. त्याला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी दहा लाख, पुढे पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो, आणि जाहिरातीत दिसणाऱ्या प्रसिद्ध चेहऱ्यांवरही बंदी घालता येते. आजार बरे करण्याचे दावे १९५४च्या औषधी आणि जादुई उपाय कायद्यात अडकतात. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे खरं, पण ते नाचणीत. बिस्किटात नाचणी किती, मैदा किती, साखर किती? पुड्यावरचा तक्ता वाचल्याशिवाय ‘कॅल्शियमयुक्त’ लिहिलं की काट.

सादरीकरण

दर जोडीला पाच मिनिटं, मग तीन मिनिटं प्रश्न. ताई, पाहुणा आणि एक ग्राहक (बेकरीवालाच आला तर मजा) समोर. स्लाइड नकोत, तीन बोर्ड पुरेत. आधी काय ऐकलं ते सांगायचं, मग ओळ, मग तिन्ही कामं. ‘आम्ही खूप विचार केला’ हे वाक्य निषिद्ध.

निवड ताई करतात. पाहुण्याला आवडलेलं काम त्यांना आवडलं नाही, असं बऱ्याचदा होतं, आणि ते होणं चांगलं. मग पाहुण्यानं त्यांना पटवून द्यायचा प्रयत्न करावा, मुलांसमोर. कधी पटतं, कधी नाही. क्लायंटनं नाही म्हटलं की काय करायचं, हे मुलांनी प्रत्यक्ष बघावं.

एक कागद आधीच करून ठेवा. निवडलेली जाहिरात बचत गटानं वापरली तर मुलांना श्रेय कसं मिळेल, मोबदला किती, मूळ फाइल कुणाकडे राहील, हे चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. मोबदला बिस्किटांच्या दहा पुड्यांचा असला तरी लिहा. ‘अनुभव मिळेल’ या सबबीखाली फुकट काम करायची सवय या धंद्यात पहिल्या दिवसापासून लागते, आणि ती लावणारे आपण नसावं.

नंतर

पोर्टफोलिओ त्याच आठवड्यात करा, आठवण ताजी असताना. एका कामाला दोन पानं. पहिल्या पानावर ब्रीफ आणि बाजारात ऐकलेलं वाक्य, दुसऱ्यावर जाहिरात. काट मारलेल्या ओळींचा फोटोही लावा. मुलाखत घेणाऱ्याला तो फोटो अंतिम जाहिरातीपेक्षा जास्त वेळ बघताना मी पाहिलंय. मराठीत लिहिणाऱ्या मुलांनी त्यात एक जादा पान घालावं : एखाद्या हिंदी जाहिरातीची मराठी आवृत्ती, शब्दांवर शब्द न ठेवता नव्यानं लिहिलेली. मुंबईतल्या एजन्सीत मराठी कॉपीरायटरला पहिलं काम बहुधा तेच मिळतं.

पाहुण्याला इंटर्नशिपसाठी लिहिताना ‘आदरणीय सर, आपल्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल’ नको. तीन ओळी : मी कोण, तुम्ही माझ्या कोणत्या ओळीवर काट मारली होती, आणि त्यानंतर मी ती अशी बदलली. पोर्टफोलिओची लिंक. कोणत्या महिन्यांत येऊ शकते. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण, फोन नाही. महिन्याभरानं पाहुण्यासोबत अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल ठरवता आला तर कार्यशाळेच्या मेलमध्येच ती तारीख टाकून ठेवा, नंतर ती मिळत नाही. आणि त्या कॉलला ताईंनाही बोलवा. पुडे किती गेले, ते त्याच सांगू शकतात.